माणिकच्या रडण्याच्या जागा

माणिक गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली आणि मी ती खरी मानली नाही. आमच्या जुन्या कारखान्यातल्या निवृत्त लोकांचा एक ग्रुप आहे. त्यात सकाळी सुविचार येतात, दुपारी गुडघेदुखीचे उपाय येतात आणि मधूनच कुणाच्या तरी मरणाची बातमी येते. दिवाळीच्या सुमारास याच ग्रुपनं आमच्या एका फोरमनला जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली होती; शेवटी त्या बिचाऱ्यानंच 'मी बरा आहे' असं लिहून सगळ्यांचे आभार मानले होते. त्यामुळं 'बॉयलरवाला माणिक वारला' हे वाचल्यावर मी आधी कुणी पाठवलंय ते बघितलं, मग किती वाजता पाठवलंय ते बघितलं, आणि सरळ माणिकच्याच नंबरावर फोन लावला. तो उचलेल आणि नेहमीसारखं 'बोला अण्णा' म्हणेल, याची मला खात्री होती. फोन त्याच्या बायकोनं, कमलवहिनींनी उचलला. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता… मी फोन ठेवला आणि शर्ट बदलायला लागलो.

याला आता सात आठवडे झाले. शंका घेणं हा माझा स्वभाव आहे आणि तोच माझा पोटाचा धंदाही होता. बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. आलेला माल खराबच आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघाला तर पुढं सोडायचा, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं. मालाच्या बाबतीत हे बरोबरच होतं. माणसांच्या बाबतीतही मी तेच करत राहिलो, आणि त्यात माणिक सापडला.

मी बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूर गावचा, तो अफजलपूरकडचा, भीमेच्या काठचा. दोघंही बौद्ध घरातले, आपापल्या घरातले पहिले पगारदार. बिदरला आम्ही एक खोली भाड्यानं घेतली. तो बॉयलरवर होता. अंगानं दांडगा, उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग, आणि आवाज मात्र असा बारीक की पलीकडच्या माणसाला पुढं वाकून ऐकावं लागे. त्याच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि बाजारात दखनी. तिन्ही भाषा तो सारख्याच हळू बोलायचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून पहिल्या दिवसापासून मला अण्णा म्हणायचा.

घरमालकीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत टीव्ही होता. रविवारी सिनेमा लागला की आम्हा भाडेकरूंना दाराच्या आत बसायची मुभा असे. पहिल्याच महिन्यात एक सिनेमा लागला. त्यात तुरुंगातून सुटलेला मुलगा घरी येतो. आई चुलीपुढं बसलेली असते. ती वळून त्याच्याकडं बघते, काही विचारत नाही, आणि ताटातली अर्धी भाकरी त्याच्याकडं सरकवते. एवढंच. गाणं नाही, मागं वाजंत्री नाही. माझ्या शेजारी काहीतरी हलतंय असं वाटलं म्हणून मी बघितलं तर माणिक रडत होता. डोळ्यांत पाणी येणं वेगळं… हा गडी तोंडात टॉवेल धरून खांदे हलवत रडत होता. मालकीणबाईंच्या मुली सिनेमा सोडून त्याच्याकडंच बघायला लागल्या. खोलीवर आल्यावर मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की बॉयलरची धग डोळ्याला लागलीय. त्या आठवड्यात बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता. हे मी मनात टिपून ठेवलं.

पुढच्याच महिन्यात दुसरा सिनेमा लागला. त्यात नायक चांगला पाव तास मरत होता. बहिणीचा निरोप घेतला, मित्राचा घेतला, मग आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. मालकीणबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. आणि माणिक निवांत शेंगा सोलत होता. त्यातले दोन दाणे त्यानं मला दिले. मरणाला हा माणूस रडत नाही आणि अर्ध्या भाकरीला रडतो, हे माझ्या डोक्यात बसेना.

मग मी लक्ष ठेवायलाच लागलो. सिनेमा बघायचं सोडून मी माणिककडं बघायचो. आम्ही टॉकीजला जायचो, तिथंही अंधारात माझं ध्यान त्याच्याकडं. एका सिनेमात एक म्हातारी होती. तिचा मुलगा लांब कुठंतरी मेलेला असतो आणि पोस्टमन तिला रोज मनानंच रचलेली पत्रं वाचून दाखवतो. एके दिवशी आपल्याला कळतं की म्हातारीला हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. पण पोस्टमन दमून आलाय, म्हणून ती त्याला पाणी देते आणि म्हणते, वाच बाबा. त्या जागेला माणिक उठून बाहेरच गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. अशा पाच-सहा जागा मी गोळा केल्या आणि त्या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, दुसऱ्याला ते कळलेलं असतं, आणि तो बोलत नाही. बरोबर तिथं माणिकचा बांध फुटायचा. यावरून मी निकाल काढला की या माणसाच्या हातून काहीतरी घडलंय आणि ते त्यानं लपवलंय. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं…

माझी धाकटी बहीण सुमन तेव्हा बिदरला नर्सिंगचं शिकत होती. होस्टेलचं जेवण तिला सोसायचं नाही, म्हणून रविवारी आमच्या खोलीवर येऊन भाजी-भाकरी करायची. माणिक तिच्याशी फार बोलायचा नाही, पण ती आली की भांडी तोच घासायचा. मला तेही खटकायचं. एकदा ती मला सहज म्हणाली की तुझ्या माणिकला रडायची लाज वाटत नाही, हे मला आवडतं. त्या दिवसापासून माझं लक्ष दोघांवर राहिलं. आणि सहा महिन्यांत माणिकचा मामा कोहिनूरला आमच्या घरी सुमनसाठी बोलणी घेऊन आला. वडिलांना मुलगा पसंत होता. तरी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तू रोज बघायलास त्याला. तुझं मन काय म्हणतंय ते सांग."

मी त्यांच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले. माणिकला गावी जातोय असं सांगितलं आणि कलबुर्गीची बस धरली. तिथून अफजलपूर, आणि पुढं फाट्यावर उतरून उसाच्या कडेकडेनं चालत माणिकच्या गावी गेलो. त्याच्या आईला मी आधी कधी बघितलं नव्हतं. बारकी, काळीसावळी बाई, अंगणात ज्वारी पाखडत होती. माणिकच्या कंपनीतला आहे, सोलापूरला कामासाठी निघालो होतो, बस चुकली म्हणून डोकावलो, असं मी सांगितलं. सोलापूरची बस अफजलपुरातूनच सरळ जाते, त्यांच्या गावाच्या फाट्याकडं ती येतच नाही. तिनं माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "हात-पाय धू तम्मा, भाकर टाकते." दुसरं काही विचारलं नाही.

जेवताना मी गोष्ट फिरवून फिरवून माणिकच्या रडण्यावर आणली. सिनेमा बघून फार रडतो, लहानपणापासूनच असा हळवा आहे का, असं हसत हसत विचारलं. ती म्हणाली, "आधी न्हाई रडायचा. हैद्राबादहून आल्यापासून रडायलाय."

माझा घास हातातच राहिला. दोन वर्षं एका खोलीत राहून माणिकच्या तोंडून मी हैदराबादचं नाव ऐकलं नव्हतं. तिथं कधी होता, कशाला गेला होता, असं मी विचारलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पोरं जातात-येतात, एवढंच म्हणाली. निघताना मी तिला सांगितलं की मी येऊन गेलो हे माणिकला सांगू नका.

"मी कामून सांगू?" ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये माझा निकाल पक्का झाला. हैदराबादला एक बाई असणार, कदाचित लेकरूही असणार, आणि आईला ते ठाऊक असून तिनं झाकून ठेवलंय. याला पुरावा काही नव्हता. तपासणीत नमुना संशयास्पद निघाला की अख्खा माल परत पाठवतात, तसं मी केलं. वडिलांना म्हणालो, नको, मला खात्री वाटत नाही. माणिकच्या मामाला निरोप गेला की मुलगी अजून शिकणार आहे. आणि सुमनला मी सांगितलं की नकार त्यांच्याकडूनच आला. तिनं विचारलं, कामून? मी म्हणालो, त्यांना त्यांच्याकडचीच मुलगी पाहिजे. ती भाजी निवडत होती. निवडलेली भाजी तिनं धुऊन ठेवली, पिशवी उचलली आणि गेली. त्यानंतर बरेच रविवार आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सुमनचं लग्न उदगीरला झालं. मुलगा शाळेत नोकरीला, स्वभावानं चांगला. माणिक लग्नाला आला होता. पंगतीत वरणाची बादली घेऊन तो वाढत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. काहीही दिसलं नाही. मग त्याचंही लग्न झालं, हुमनाबादकडच्या कमलशी. माझंही झालं. खोली सुटली, पण आम्ही घरं बांधली ती एकाच गल्लीत. हैदराबादच्या बाईचा पत्ता काही मला कधी लागला नाही. बरीच वर्षं मी तिची वाट बघत होतो, हे आज लिहायला लाज वाटते.

त्याची आई वारली तेव्हा आमची मुलं शाळेत होती. माणिक दहा दिवसांनी कामावर आला. दुपारी कँटीनमध्ये चहा पिताना त्यानं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. तो चौदा वर्षांचा असताना घरात एक शेळी होती. धाकट्या बहिणीला तिचं दूध लागायचं, कारण आईच्या अंगावर दूध नव्हतं. माणिकला गावाचा कंटाळा आला होता. एका बाजारच्या दिवशी तो ती शेळी चारायला म्हणून घेऊन गेला, विकली, आणि त्या पैशात हैदराबाद गाठलं. तिथं एका बेकरीत अकरा महिने भट्टीपुढं राबला. हातावरचा डाग तिथलाच. मग राहवेना म्हणून परत आला. दारात उभा राहिला तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं बघितलं आणि म्हणाली, हात-पाय धू. शेळीचं नाव काढलं नाही. दोन दिवसांनी शेजारचा म्हातारा भेटला तो हळहळत म्हणाला, तुमची शेळी लांडग्यानं नेली म्हणं, लई वाईट झालं बघ. आईनं सगळ्या गावाला लांडगा सांगितला होता. नवऱ्यालासुद्धा.

"मरेपर्यंत बोलली न्हाई अण्णा," माणिक म्हणाला. "मीबी बोललो न्हाई. सिनेमात तसं काय आलं की मला ती चुलीपुढं बसलेली दिसतीया."

माझा चहा तसाच होता. माझी तपासणी चुकली, हे मला त्याच क्षणी कळलं. तिथंच सांगायला पाहिजे होतं की मी तुझ्या गावाला गेलो होतो, तुझ्या आईच्या हातचं जेवलो आणि वर तुझ्याविषयी असं असं धरलं. पण सुमनला दोन मुलं होती, त्याला तीन. आता उकरून काय करायचं, असं मी मनाला सांगितलं… आणि हे मन खरं बोलतंय की स्वतःला वाचवतंय, याची शंका मात्र मला तेव्हाही आली होती.

नंतरच्या वर्षांत घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि रडण्याचा नुसता सुकाळ झाला. गाण्याच्या स्पर्धांत स्पर्धकाच्या बापाला गावाकडून गुपचूप आणून मंचावर उभं करायचे, सारंगी वाजायची, परीक्षक डोळे पुसायचे. माझी बायको रडायची, कमलवहिनी रडायच्या. माणिक ढिम्म. हे ठरवून केलेलं असतंय अण्णा, कॅमेरा आधीच बापाकडं तोंड करून बसलाय बघा, म्हणायचा. या बाबतीत तो माझ्यापेक्षा पक्का तपासनीस होता. आणि मग मधेच एक जाहिरात लागायची. त्यात बसच्या कंडक्टरला एका मुलीचा पास संपलेला दिसतो. तो पास उलटा करून तिच्या हातात परत देतो आणि पुढच्या सीटकडं जातो. अर्ध्या मिनिटाची जाहिरात. ती लागली की माणिकच्या नातीसुद्धा त्याला टॉवेल आणून द्यायच्या.

माणिक गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मी आणि कमलवहिनी चादरींच्या घड्या घालत होतो. मला अजून रडू आलं नव्हतं आणि तेही मला खटकत होतं. वहिनी चादरीचं दुसरं टोक धरून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आमच्या लग्नाच्या आधी सासूबाईकडं जाऊन आला होता की."

माझ्या हातातलं टोक सुटलं. त्यांनी ते उचलून दिलं आणि सावकाश सगळं सांगितलं. मी गावात गेलो होतो, तेव्हा आधी आमच्या खोलीवर येऊन गेलेल्या माणिकच्या एका चुलतभावानं मला ओळखलं होतं. त्यानं त्याच आठवड्यात माणिकला कळवलं. माणिक पुढच्या सुट्टीत घरी गेला आणि आईला विचारलं, माझ्या खोलीवरचा अण्णा आला होता का? आई म्हणाली, कोण अण्णा? कुणी आलं न्हवतं. त्या बाईनं मलाही पाठीशी घातलं होतं. बोलणी कशामुळं मोडली हे माणिकला त्या दिवशीच कळलं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षातच त्यानं हे बायकोला सांगून टाकलं होतं, सुमनच्या नावासकट.

जवळजवळ चाळीस वर्षं तो मला अण्णा म्हणत होता. मी आजारी पडलो तेव्हा दवाखान्यात माझ्या खाटेखाली झोपला होता. आणि मी त्याच्या डोळ्यांवर पाळत ठेवून होतो. मी वहिनींना एवढंच विचारलं की तो मला कधीच का बोलला नाही.

"मी विचारलं होतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "म्हणले, विचारलं असतं तर अण्णाला खोटं बोलावं लागलं असतं. मग एका खोलीत कसं राहायचं?"

त्या रविवारी मी उदगीरला गेलो. सुमन आता आजी झाली आहे; सरकारी दवाखान्यातून गेल्याच वर्षी निवृत्त झाली. तिच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, तिथं बसून मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. हैदराबाद, शेळी, मी लावलेला अर्थ, आणि नकार त्यांच्याकडून आला नव्हता हेही. मला वाटत होतं ती म्हणेल, जाऊ दे दादा, किती वर्षं झाली. माझी तीच अपेक्षा होती, खरं तर मी तिकडं त्यासाठीच गेलो होतो. ती बराच वेळ कुरडया उलटत राहिली.

"मी काळी हाय म्हणून त्यानं नको म्हणलं, असं मी धरून बसले होते," ती म्हणाली. "इतकी वर्षं. माझ्या लेकीच्या लग्नात वाढायला आला होता, तवाबी मी त्याच्याशी सरळ बोलले न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे तो असताना सांगायचं होतंस, दादा."

तिनं मला जेवू घातलं, पण ताट वाढून आत निघून गेली. पुढं चार आठवडे माझा फोन उचलला नाही. माणिक आणि त्याची आई ज्या मातीची होती, त्या मातीची सुमन नाही, आणि तिनं तसं का असावं? तिचं जे गेलं ते तिनं तोंडानं सांगितलं, हेच बरं झालं असं मला आता वाटतं. गप्प राहणाऱ्यांच्या मायेवर मी बरीच वर्षं फुकट जगलो.

गेल्या रविवारी ती न कळवता बिदरला आली. बसस्टँडवरून फोन केला, मी येऊन थांबलेय, मला त्याच्या घरी ने. वाटेत पिशवीही तिनं माझ्या हातात दिली नाही.

माणिकच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर भिंतीला लागून एक लोखंडी खुर्ची आहे. कारखान्यातल्या भंगारातून आणून त्यानं स्वतः तिला पट्ट्या विणल्या होत्या. तो गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. नातींना उठवतात, पाहुण्यांना पलीकडची खुर्ची दाखवतात; मीसुद्धा खाटेवरच बसतो. टीव्ही चालू होता, आवाज बारीक केलेला. सुमन आत आली, पिशवी खाली ठेवली, आणि उन्हातून आलेलं माणूस बसतं तशी सरळ त्या खुर्चीवर बसली. मी तोंड उघडलं होतं. कमलवहिनींनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी गप्प झालो. त्यांनी टेबलफॅनचं तोंड सुमनकडं वळवलं.

"बसा अक्का निवांत," त्या म्हणाल्या. "जेवूनच जायचं."

आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. सुमन पदरानं मान पुसत टीव्हीकडं बघत होती. मी खाटेवर बसलो, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागलो… तो काही केल्या साफ होईना.